सर म्हणतात तर आयतच

"पंचवीस टक्क्यांतली ना तू? मग फुकट बसायला मिळतंय तिथे गप्प बसायचं."

गणिताचे सर हे अख्ख्या वर्गासमोर बोलले. मी आठवीत होते. शाळा अंबरनाथची, खासगी, बऱ्या घरांतल्या पोरांची. गरिबांसाठी पंचवीस टक्के जागा राखीव असतात, त्यांतून आलेले आम्ही वर्गात तिघं. बाक शेवटचं. हजेरी घेताना आमच्या आडनावांवर सरांचा आवाज बदलायचा. ते आम्हाला तिघांना बरोबर कळायचं.

माझा गुन्हा काय? सरांनी फळ्यावर नुसत्या हाताने एक चौकोन काढला. बाजूंवर आकडे टाकले. आठ, पाच, आठ, पाच. "ओळखा." वर्ग ओरडला, "आयत!" सर म्हणाले, "शाब्बास." मी हात वर केला.

"सर, कर्ण दिलेले नाहीत. नुसता समांतरभुज पण असू शकतो."

"दिसत नाही का तुला, आयत आहे ते?"

"दिसण्यावर नसतं सर. क्रॉस मापल्याशिवाय नाही सांगता येत."

वर्ग खो खो हसला. सरांचे कान लाल झाले. मी आजही शपथेवर सांगते, मी बरोबर आहे हे त्यांना कळलं होतं. म्हणूनच ते पंचवीस टक्क्यांवर आले.

कर्णाला आमच्याकडे क्रॉस म्हणतात. पप्पा उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका शेठच्या कारखान्यात दारं-खिडक्यांच्या चौकटी बनवायचे. सुट्टीला मी टेपचं टोक धरायला जायचे. समोरासमोरच्या बाजू जुळल्या म्हणून पप्पांनी कधी खिळा ठोकला नाही. आधी या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली तरच चौकट काटकोनात. नाहीतर बाजू त्याच, पण चौकट एका अंगाला कललेली. एकदा चारही बाजू सारख्या बघून मी "चौरस झाला" म्हटलं, तर खेकसले, "क्रॉस कोण बघणार, तुझा मामा?" बघितला तर दोन बोटांचा फरक. तो समभुज होता. हा शब्द मला पुस्तकात नंतर भेटला.

दुसऱ्या दिवशी सरांनी पप्पांना बोलावलं. ते कामावरूनच आले. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल. त्यांना थेट वर्गात घेतलं, पोरांसमोर. खुर्ची दिली नाही. सरांनी कालचाच चौकोन परत काढला, तेच आकडे टाकले.

"तुम्ही सुतारकाम करता ना? सांगा मुलीला. आयत आहे की नाही?"

पप्पांनी आकडे वाचले. त्यांची नजर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेली. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. मी बघितलं ते. मला हायसं वाटलं. आता पप्पा सांगतील.

पप्पा म्हणाले, "सर म्हणतात तर आयतच."

सरांनी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. जो माणूस शेठलासुद्धा सांगायचा, "घाई करू नका, आधी क्रॉस बघू द्या," तो माणूस फळ्यासमोर उभा राहून खोटं बोलला.

"बघ, तुझा बापच म्हणतोय," सर हसले. "आता माफी माग. नाहीतर माझ्या वर्गात बसायचं नाही."

माझ्याआधी पप्पांनीच हात जोडले. मला हळूच म्हणाले, "माग ना बाळा. शाळा जाईल."

मला रडू येत होतं. त्याहून जास्त संताप येत होता. सरांचा, आणि पप्पांचाही. मी म्हटलं, "पप्पा खोटं बोलले. ते घाबरलेत. मी माफी मागणार नाही."

सर काहीतरी ओरडत होते. मी दप्तर उचललं. पप्पांचा हात धरायला गेले, त्यांनी हात काढून घेतला.

रिक्षातून कॅम्पात उतरताना पप्पा म्हणाले, "चारचौघांत बापाला खोटारडा ठरवलंस." महिनाभर मी घरी बसले. सर वर्गात घेईनात आणि मी माफी मागेना. शेवटी पप्पांनी दाखला काढला आणि मला महापालिकेच्या शाळेत घातलं.

आता मी डिप्लोमा करून सोनिवलीला एका इमारतीच्या साइटवर काम करते. समोर कुणी चढ्या आवाजात बोललं की अजून माझी जीभ जड होते. ती पप्पांचीच भीती आहे. मला तिची चीड येते.

पप्पा अजून म्हणतात, "तेव्हा माफी मागितली असतीस तर चांगली शाळा सुटली नसती." खरंय. सुटली नसती. पण मग खुर्चीवर कोण बसलंय ते बघून उत्तर द्यायला मीही शिकले असते. पप्पांवर माझा राग नाही. त्यांना ज्यांनी तसं बोलायला लावलं त्यांच्यावर आहे, आणि तो मी विझू देणार नाही. मला तडजोड नको, समजूत नको. माफी मागायचीच असेल तर ती त्या सरांनी मागायची. माझी नाही. माझ्या बापाची. आणि भर वर्गात.