छपरावरून गेलेली होडी

आमच्या शहरातला उन्हाळा चौदा आठवड्यांचा. बाकी वर्षभर तळ्यावरून असा वारा येतो की माणूस खिडकीच्या फटी कागदानं बुजवत बसतो. आम्ही नुसतं तळं म्हणतो, पण पलीकडचा काठ स्वच्छ दिवशीसुद्धा दिसत नाही. थंडीत काठचं पाणी गोठतं, म्हणून झाडून साऱ्या होड्या आधीच बाहेर काढून धक्क्यावरच्या आवारात लाकडी टेकूंवर चढवून ठेवतात. ऊन पडलं की त्या पुन्हा पाण्यात सोडायच्या. सोडणार कोण? माझी वहिनी.

सहाशे होड्या, एक मोठी क्रेन आणि ही एकटी बाई. पहिल्या उबदार शनिवारी धक्क्यावर ही मोठी रांग लागते. एरवी ज्यांच्या दारात आपण ताटकळत बसायचं, ते वकील आणि बँकेतले साहेब त्या दिवशी वहिनीपुढे गरीब गाय होतात. एका दातांच्या डॉक्टरांना तर दरवर्षी पहिला नंबर हवा असतो. वहिनी वरून खिडकीतून डोकं काढून विचारते, "तुमच्या दवाखान्यात मी मधे घुसते का?" पुढच्या वर्षी ते पुन्हा येतात.

वहिनी वर केबिनमध्ये आणि माझा दादा खाली जमिनीवर, असं त्यांचं सव्वीस उन्हाळे चाललंय. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांचा. बोट वर फिरवलं की उचल, खाली फिरवलं की सोड, हात आडवा आणि तळवा खाली म्हणजे थांब. नियम दोनच. उचल आणि सोड सांगणारा माणूस एकच, दादा. पण थांब कुणीही सांगू शकतं. शिपाई असो की रस्त्यानं जाणारा कुणी, हात आडवा दिसला की वहिनी थांबते, का ते नंतर विचारते. हे घरीही चालतं. जेवताना भात वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. भांडण झालं की दोघं चार-चार दिवस बोलत नाहीत, पण हात चालू असतात, त्यामुळे घराचं काही अडत नाही.

आता कबूलच करते. दादानं क्रेन चालवणारीशी लग्न ठरवलं तेव्हा नाक मुरडणारी पहिली मीच होते. "घरात काय उचलून ठेवणार आहे ती?" असं मी म्हटलं होतं. बाबा त्याच आवारात होड्यांचे सुतार. ते एवढंच म्हणाले, "तिनं खाली ठेवलेल्या होडीवर मला कधी ओरखडा दिसला नाही." विषय संपला.

साऱ्या शहराचा उन्हाळा पाण्यात सोडणारी ही बाई स्वतः मात्र कधी होडीत बसली नाही. शेवटची होडी पाण्यात जाते तोवर पहिली दुरुस्तीला बाहेर आलेली असते, आणि ती उरकते तोवर थंडी दारात. बाबांचंही तेच. चाळीस वर्षं होड्या बांधल्या, पण पाण्यावर गेले ते दुसऱ्याची होडी गळते का बघायला.

आई गेली त्यानंतरच्या महिन्यात बाबांनी मागच्या अंगणात लाकूड आणून टाकलं. घरची होडी बांधायची, तीन जागांची. स्वतः, दादा आणि वहिनी. पुढच्याच वर्षी मी दहा वर्षांचा संसार मोडून दोन बॅगा घेऊन माहेरी परत आले. बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. निदान ओरडायचं तरी, असं वाटलं.

होडीला नऊ वर्षं लागली. यंदा थंडी सरताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की बाबांची नजर जाणं आता थांबवता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात उजेड आणि अंधार, एवढंच कळेल. घरी आल्यावर बाबा चपला काढता काढता म्हणाले, "म्हणजे यंदाच. आपल्या होडीतून एकदा गाव बघायचंय, पाण्यावरून."

आणि मग आमच्या लक्षात आलं की होडी अंगणातून बाहेर येत नाही.

आमचं घर रांगेतलं. मागून रस्त्यावर यायला घराच्या पोटातून एक बोळ आहे, वर आमचीच खोली. बोळ पाडायचा म्हणजे घर पाडायचं. दादानं पट्टी लावली. होडी बोळापेक्षा चार बोटं रुंद. चाळीस वर्षं होड्या बांधणारा माणूस, आणि घरात शाळेत गणित शिकवणारी मी! एकालाही बोळ मोजायचं सुचलं नाही. मी बाबांवर भडकले. "नकाशा काढताना बोळ मोजला नव्हता?"

"मोजला होता ना," बाबा म्हणाले. "तीन जागांची बरोबर निघत होती. मग तू आलीस. चौथी जागा करायची तर वीतभर रुंद करावीच लागते. नाहीतर होडी डुगडुगते."

मी उठून आत गेले. नळ सोडला आणि बराच वेळ उगाच एकच कप धूत राहिले.

बाहेर वहिनी अंगणात उभी राहून वर छपराकडे बघत होती. मग म्हणाली, "अहो, धक्क्यावरची ट्रकवाली क्रेन रविवारी रिकामी असते ना?"

नगरपालिकेनं रस्ता बंद करायला परवानगी दिली ती रविवारी सकाळी नऊपर्यंतची. नऊ वाजून गेले तर पुन्हा अर्ज, म्हणजे निम्मा उन्हाळा गेलाच. सात वाजता क्रेन आमच्या दारात आली. अख्खी गल्ली झोपेच्या कपड्यांत खिडक्यांना लटकली होती. होडी घरामागे, वहिनी घरापुढे. जे उचलायचं ते तिला दिसतच नव्हतं. दिसत होता तो फक्त छपरावर उभा असलेला दादा आणि त्याचे हात. बाबांना आम्ही बोळाच्या रस्त्याकडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवलं होतं, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून.

दादानं होडीखालून दोन पट्टे घातले, छपरावर चढला आणि बोट वर फिरवलं. दोर ताणला गेला. दहा मिनिटांनी छपरामागून होडीचं नाक वर आलं, आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात बाबांनी हात आडवा केला. तळवा खाली.

"बाबा, काही नाही होत! हात खाली घ्या!" दादा वरून ओरडला आणि त्यानं पुन्हा उचल म्हणून खूण केली. मीही धावले. "घाबरू नका हो, वहिनी आहे ना," म्हणत त्यांचा हात धरायला गेले. आठ वाजून गेले होते. ज्यांना समोरचं माणूस नीट दिसत नाही, त्यांनी थांब म्हणायचं आणि आम्ही थांबायचं?

पण क्रेन थांबली होती. वहिनीनं दादाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून वाकून विचारलं, "काय झालं, बाबा?"

"मागचा पट्टा सरकतोय. आवाज येतोय मला, बोळातून. ओल्या हातानं काच पुसल्यासारखा." मग जरा खाली बघून म्हणाले, "परवा तुम्हाला न सांगता व्हार्निशचा आणखी एक हात मारला मी. चमकावी म्हणून."

मी बोळातून धावत मागे गेले. मागचा पट्टा होडीच्या निमुळत्या टोकाकडे हातभर घसरला होता. वर आलेल्या नाकाआड छपरावरच्या दादाला तो दिसतच नव्हता. आणखी थोडं वर गेली असती तर नऊ वर्षं आमच्या छपरावर आपटून फुटली असती.

वहिनीनं ती होडी जितक्या अलगद परत खाली ठेवली, तितक्या अलगद मला झोपलेलं मूलही कधी ठेवता आलं नसतं. दादानं दोन्ही पट्टे दोरानं एकमेकांना जखडले. खाली मान घालून बाबांसमोर येऊन म्हणाला, "चुकलं माझं." बाबा म्हणाले, "चमक जास्तच झाली रे."

पावणेनऊला आमची होडी आमच्या घराच्या छपरावरून गेली. उन्हात तिचं पोट मधासारखं दिसत होतं. सारी गल्ली माना वर करून बघत होती. ही माझी वहिनी आहे, असं मला प्रत्येक खिडकीत जाऊन सांगावंसं वाटत होतं. आणि दोन खिडक्यांत मी ते सांगितलंही.

अकराला आम्ही होडीसकट धक्क्यावर. रविवार, त्यामुळे रांग धक्क्याच्या शेवटापर्यंत. वहिनी सवयीनं मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये चढली आणि तिनं आमची होडी पाण्यावर टेकवली. एक थेंब आत आला नाही. दादा उतरला, मी बाबांना हात देऊन बसवलं आणि माझ्या जागेवर बसले. दादानं पट्टे सोडले. वहिनीनं वरून हात हलवला, जा म्हणून, आणि क्रेनचं तोंड पुढच्या होडीकडे वळवायला लागली. पुढची होडी दातांच्या डॉक्टरांची.

आमची होडी एका अंगाला किंचित कलली होती. बाबांनी काठावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. मग उठून उभे राहिले आणि क्रेनच्या दिशेनं हात आडवा केला.

क्रेन जागच्या जागी थांबली.

"काय झालं, बाबा?" वहिनी ओरडली.

बाबांनी हात खाली घेतला नाही. रांगेत कुजबुज झाली. वहिनी बघत राहिली. नियम तिचाच होता. हात खाली येईपर्यंत काही हलवता येत नाही. इतक्यात रांगेच्या तोंडाशी उभे असलेले दातांचे डॉक्टर आपल्या होडीवर टेकून बसले आणि म्हणाले, "जा हो बाई. आज तुम्ही मधे घुसा."

वहिनीनं इंजिन बंद केलं. सव्वीस वर्षांत भर उन्हाळ्यात, भर रांगेत, तो धक्का मी पहिल्यांदाच शांत ऐकला. ती शिडीवरून उतरली, हातमोजे काढून खिशात कोंबले आणि दादाचा खांदा धरून एकेक पाय जपून टाकत होडीत आली. शहरातल्या सगळ्या होड्या पेलणारी ही बाई, बसताना दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून होती.

होडी हलली, आणि सरळ झाली.

तेव्हा कुठे बाबांनी हात खाली घेतला. "आता बरोबर बसली," ते म्हणाले. "चल रे, वल्हव. मला गाव बघायचंय."