फणसाच्या लाकडाची चौकट

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याच्या आमच्या ऑफिसात नुकताच डबा उघडला होता. "ताई, बाबा गेले… चहा मागितला आणि तेवढ्यातच," मामेभाऊ संजय म्हणाला. डबा तसाच ठेवून मी रिक्षाने मामांचं भुईगाव गाठलं. त्याला आता सहा आठवडे होतील.

मामा वाडीवाले. केळी-पानवेलीतून वेळ काढून हौसेने फोटोच्या चौकटी करायचे. पडलेल्या फणसाचं लाकूड वर्षभर सुकवायचं, पट्ट्यांची टोकं तिरकी कापायची, गम लावून चारी कोपरे जुळवायचे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून भोवती गुंडाळायची. हाच त्यांचा क्लॅम्प. मग सुतळीने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून मापायचं. सारखं भरलं की गम पुरता वाळेपर्यंत चौकट पडवीत आडवी आणि मामा तिचे राखणदार. कोणी बोट लावलं की खेकसायचे, "आज नाय, उद्या दुपारी!" गावात कोणी गेलं, हिंदू असो की ख्रिस्ती, फोटोला चौकट मामांचीच. घरचे बिचारे ताटकळायचे, पण मामांपुढे कोणाची टाप नव्हती.

माझी मात्र होती, कारण मी लाडकी आणि अतिशहाणी. माझी आई, म्हणजे मामांची थोरली बहीण गेली तेव्हा पाहुण्यांच्या आधी फोटो लागावा म्हणून मी आदल्या संध्याकाळीच गुपचूप ट्यूब सोडली. बाराव्याला गुरुजींनी हार घातला आणि खालचा कोपरा उघडला. काच निसटून फोटोतल्या आईच्या गालावर ओरखडा उठला. सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझाच गम पातळ झाला." मामांचा गम पातळ! आणि मी मान खाली घालून गप्प बसले… त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून संजय दुकानातून सोनेरी फ्रेम आणायला निघाला तेव्हा मी आडवी आले. "मामांची चौकट मी करणार."

"तुला येते?"

"इतकी वर्षं बघतेय की."

बघून काही येत नाही. पहिल्या खेपेला चारही पट्ट्यांची टोकं मी एकाच दिशेने कापली, त्यांची चौकट होईना. दुसऱ्या खेपेला सुतळीत बोटभर फरक. तिसरी जुळली तोवर बाराव्या दिवसाची पहाट झाली होती. बाराव्याला सकाळी फोटो पाटावर ठेवला तो काळ्या ट्यूबसकट. नातेवाइकांच्या भुवया वर गेल्या. संजय कानाशी येऊन म्हणाला, "ताई, आता तरी सोड. बरं दिसत नाही."

"उद्या दुपारी," मी म्हटलं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर सगळ्यांदेखत तेही सांगून टाकलं, की आईच्या फोटोचा कोपरा मामांच्या गमाने नाही, माझ्या घाईने उघडला होता. मग मामी म्हणाली, "आमाला ठाव हाय गं. ते तवाच बोलले होते, पोरीची आई गेलीय, तिला काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्यूब सोडली. कोपरे घट्ट बसले होते, पण माझा माझ्या हातावर भरवसा नव्हता. "मामा, जरा हलवून बघा ना," मी हाक मारली. सवयीने… तोंडून निघूनच गेलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मामी पदराला हात पुसत बाहेर आली, चौकट दोन्ही हातांत धरून तिने जोर लावून हलवली.

"हलत नाय," ती म्हणाली, आणि चौकट छातीशी धरून तिथेच खाली बसली.