विरोधात कोणी नाही

आमच्या युनियनची प्रोसिडिंगची सगळी रजिस्टरं माझ्या अक्षरात आहेत. अक्षर बरं आहे माझं, छापल्यासारखं म्हणतात लोक. त्यांत एक ओळ खोटी आहे. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, नानांना सांगितलेलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच कारण आहे, उगीच मोठं काही शोधू नका.

लगेच मुद्द्यावर येणं मला जमायचं नाही. इतकी वर्षं सभा चालवल्या, आधी प्रास्ताविक करायची खोड लागली आहे. चालवून घ्या.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. राहायला भोसरी, मूळचा पारनेरकडचा. आयटीआय करून प्रेस शॉपला लागलो आणि अक्षर चांगलं म्हणून युनियनमध्ये ओढला गेलो. ओढणारे नाना. युनियन त्यांनीच उभी केली. इथल्याच गावातले, दहावी नापास, पण चारशे माणसं त्यांच्या एका शब्दावर उन्हात उभी राहायची. का राहायची? मला तेव्हा वाटायचं, आवाज मोठा म्हणून.

नानांची एक पद्धत होती. पहिली पाळी सुटायची, दुसरी यायची, त्या मधल्या वेळात गेटबाहेर मीटिंग. नाना वॉचमनच्या केबिनशेजारच्या ओट्यावर उभे राहायचे. ठराव मी वाचायचा. मग नाना ठरावाच्या बाजूचे हात बघायचे आणि विचारायचे, "आता इरोधात कोन हाय? लाजू नगा." एवढं बोलून तांब्या उचलायचे. काठोकाठ भरलेला तांब्या. मान मागं टाकून, वरून धार धरून, सावकाश, पार रिकामा करायचे. डोळे आभाळाकडे. तेवढ्यात ज्याला हात वर करायचाय त्यानं करावा — कुणी रोखून बघत नाही, घाई नाही. तांब्या खाली ठेवला की हात मोजायचे आणि त्यातल्या एकाला ओट्यावर बोलवायचे. बोल बाबा, काय म्हननं हाय तुजं.

दर ठरावाला दोन-चार हात विरोधात असायचेच. मी लिहायचो, 'बहुमताने मंजूर, विरोधात चार.' ते चार मला खुपायचे. पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग पडावा तसे. एकदा नानांना म्हणालोही, कशाला एवढे लाड? हसले. म्हणाले, "आरं, इरोध करनारा समोर हुबा हाय तवर ती सभा. त्यो घरी बसला की निस्ती गर्दी." मी मान डोलावली. वाक्य छान आहे म्हणून डोलावली.

नाना निवृत्त झाले. सरचिटणीस मी होतोच, आता ओट्यावरही मीच. आणि माझ्या हातचा पहिला पगारवाढीचा करार आला.

करार चांगला होता. हे मी बचाव म्हणून सांगत नाही — खरंच चांगला होता, आठ महिने भांडून आणला होता. फक्त अकराव्या कलमात एक गोष्ट होती. पेंट शॉप ठेकेदाराकडे जाणार, आणि तिथल्या नऊ कायम कामगारांना 'गरजेनुसार' इतर विभागांत घेणार. चारशेत नऊ. मी सही केली होती, गेटवर मंजुरी तेवढी बाकी होती.

आणि मला एक शब्द हवा होता. सर्वानुमते. नानांनाही कधी न मिळालेला. मला कुणी विकत घेतलं नव्हतं, कुणी दम दिला नव्हता. तसं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं, नाही का? नुसती हौस हो. आपल्या छान अक्षरात तो शब्द लिहायची हौस.

त्या नवांत एक दत्ता होता. बीडकडचा, हडकुळा, सभेत कधी तोंड न उघडणारा. बोलायचंच झालं तर आधी पाच मिनिटं घसा खाकरणारा माणूस. भोसरीहून आम्ही एकाच कंपनी बसनं यायचो. तो माझ्या आधीच्या स्टॉपवर चढायचा आणि माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरायचा. सतरा वर्षं.

तर त्या दिवशी. बसचे ड्रायव्हर हॉर्न मारत होते. बाजूचे हात आले — भरगच्च. मी विचारलं, विरोधात कोणी? तांब्या उचलला. एक घोट घेतला. आभाळाकडे बघितलंच नाही, तांब्याच्या काठावरून समोर बघत होतो. तिसऱ्या रांगेत दत्ताचा हात वर येत होता. कोपर दुमडलेलं, पंजा कानाच्या वर आलेला. आमची नजरानजर झाली. मी तांब्या खाली ठेवला आणि ओरडलो, सर्वानुमते मंजूर! टाळ्या पडल्या. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'विरोधात कोणी नाही.'

झाली कबुली, असं वाटलं ना तुम्हाला? घाई होती, एकच घोट प्यायला, त्यात काय एवढं? मीही कित्येक वर्षं इथेच थांबत होतो. पण हे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दत्ता युनियनच्या खोलीत आला. उभाच राहिला. खूप वेळ खाकरून म्हणाला, "भाऊ, माझा हात वर होता बगा. करार हाणून पाडायचा न्हवता मला. फकस्त इचारायचं होतं, गरज म्हंजी कुनाची? तेवढा एक इरोध लिवा की." एक आकडा मागत होता माणूस. शून्याच्या जागी एक. करार तसाही मंजूरच होता, माझं काय जात होतं?

मी म्हणालो, "दत्ता, मला दिसला नाही रे. दिसला असता तर लिहिला नसता का?"

हे खोटं मी त्याच्या डोळ्यांत बघून बोललो. आवाजही कापला नाही. त्यानं शेजारी उभ्या असलेल्या दोघातिघांना विचारलं, पण ते टाळ्या वाजवत होते. त्यांना काय दिसणार? दिसलं होतं ते फक्त मला.

अजून आहे. दोन दिवसांनी कॅंटीनमध्ये कुणीतरी विषय काढला, दत्ता असं असं म्हणतोय. दत्ता दोन टेबलं सोडून बसला होता. मी म्हणालो, "हात वर होता म्हणे? बगलेत खाज आली असेल." अख्खं कॅंटीन हसलं. मग काय, वाढपीसुद्धा त्याला म्हणायला लागला, दत्ता, भाजी पायजे तर हात नीट वर कर. दत्ताही हसायचा. काय करेल बिचारा? बसमधला रुमाल बंद झाला. तो मागच्या सीटवर जाऊन बसायला लागला. मला राग आला — त्याचाच. विचार करा, त्याचा राग!

'गरजेनुसार'चा अर्थ त्याला यथावकाश कळला. आज डिस्पॅचमध्ये खोकी उचल, उद्या स्टोअरमध्ये जा, परवा गेटवर गाड्यांचे नंबर लिही. ज्या माणसाच्या हातच्या पेंटला कधी ओघळ आला नाही, तो कुठलाच राहिला नाही. त्या नवांचं नावच पडलं गरजेनुसारवाले.

आणि युनियन? त्यानंतरचे सगळे ठराव सर्वानुमते झाले. एकही हात विरोधात नाही. मी खूश होतो, शपथेवर सांगतो. गर्दी थोडी कमी होत होती, पण मी म्हटलं ऊन आहे, म्हटलं पोरं नवी आहेत. मी दत्ताचा हात गिळला हे कुणालाच माहीत नव्हतं. पण मी किती पाणी प्यायलो, ते चारशे माणसांनी बघितलं होतं.

मग नवीन एचआर मॅनेजर आला. त्यानं पाळीच्या वेळा बदलल्या आणि नोटीस थेट बोर्डावर लावली. पूर्वी आधी आम्हाला बोलवायचे. मी तणतणत गेलो. त्यानं शांतपणे विचारलं, तुमच्या मागे कोण आहे, दाखवा. मी गेट मीटिंग लावली. ओट्यावर उभा राहिलो आणि माणसं माझ्या समोरून जाऊन बसमध्ये बसली. खिडक्यांतून बघत होती. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत, काहीच नाही. समोर पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे कमिटीचे. बदललेल्या वेळा आजही तशाच आहेत.

युनियन मोडली असं समजू नका हं. नोंदणी आहे, शिक्का आहे, खोलीवर बोर्ड आहे. आम्ही आजही मान्यताप्राप्त युनियन आहोत. कागद कंपनीनं दिलेला आहे, आमच्या माणसांनी दिलेलं काय होतं ते मात्र कुठल्याच फायलीत सापडत नाही.

शेवटचं सांगतो आणि उठतो.

दत्ता निवृत्त झाला तेव्हा युनियनतर्फे शाल-श्रीफळ द्यायला मीच होतो. भाषण केलं. शांत, कष्टाळू, कधी तक्रार न करणारा माणूस, असं म्हणालो. कार्यक्रम संपल्यावर टू-व्हीलर स्टँडपाशी तो माझ्यासाठी थांबला होता. नारळाची पिशवी हँडलला अडकवलेली, शाल घडी करून काखेत. नेहमीसारखा खाकरला. मला वाटलं, आता बोलणार. बोलू दे एकदाचा, असंही वाटलं.

म्हणाला, "भाऊ, एक मनात ऱ्हायलंय. त्या वक्ताला मी उगी तुमच्यावर आळ घेतला. लई इचार केला मी नंतर. माझा हात पुरा वर गेलाच नसंल. भ्यालो आसंन मी. माफी करा."

त्याचा हात कानाच्या वर होता. पाची बोटं उघडी होती. अजून दिसतात मला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे दत्ता. माझ्या मनात काही नाही." त्याला केवढं हलकं वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. माफ केलं मी त्याला.