चिखल खरवडायची पट्टी

तासगावात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. बेदाण्याच्या शेडचे सांगाडे, जाळ्या, फाटकं हेच रोजचं काम. एका जागी बसणं माझ्या स्वभावात नाही. हातातलं संपायच्या आत डोक्यात दुसरं सुरू झालेलं असतं. गेल्या पावसाळ्यात जवळच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, दवाखान्याच्या फरशीवर फार चिखल येतो, दाराशी काहीतरी करून द्या. मी लगेच मोबाइलमधला एक फोटो शोधला.

औंधला कामाला गेलो होतो तेव्हा एका जुन्या इमारतीच्या पायरीशी ती पट्टी दिसली होती. दोन ओतीव खांब, त्यांच्या डोक्यावर वळणदार पानं आणि मधे कडेवर उभी बसवलेली लोखंडी पट्टी, मधोमध झिजून खोलगट झालेली. साहेब, शिपाई, घोडेस्वार आत शिरण्याआधी तिच्यावर बुटाचे तळ खरवडत असणार. मी तिच्यावर खूश होतो.

अब्बांनी फोटो पाहिला. "ह्ये बूटवाल्यांचं हाय. आपल्याकडं पावसात बूट कोन घालतं रं?"

मी ऐकलं नाही. पानांसकट हुबेहूब पट्टी केली आणि चिखल एका फटक्यात सुटावा म्हणून ग्राइंडरनं तिला धार आणली.

काळ्या रानातल्या चिखलात चपला पायात राहत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. लोक चपला हातात घेऊन अनवाणी येतात. पट्टी दाराशी बसवली त्याच्या चौथ्या दिवशी, मेंढरांमागं आयुष्य घालवलेल्या एक मावशी खोकल्याच्या औषधाला आल्या. त्यांनी पट्टीवर टाच घासली आणि टाच चिरली. त्यांना शुगर होती.

फोन आला तेव्हा वेल्डिंग अर्धवट टाकून धावलो. पट्टी त्याच दिवशी कापून आणली, पण जीव थाऱ्यावर येईना. जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. मग रोज सकाळी मोटरसायकल काढून मावशींच्या घरी जायचो, बँडेज सोडताना बघायचो आणि परत येऊन अब्बांवर उगाच खेकसायचो.

एकदा मावशींनीच विचारलं, "लावायच्या आदी तू सवता पाय घासून बघितलास व्हय रं?"

बघितलं होतं. वर्कशॉपमधले जाड बूट घालून.

"न्हाई," एवढंच म्हणालो. खरं सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीचा गोल गज वाकवला, दाराशी बसवायला बुटका ठेवला, बाजूला धरायला दांडा जोडला. अब्बांनी न सांगता घमेलंभर चिखल कालवून आणला. मी त्यात पाय बुडवून दहा-बारा वेळा घासून बघितले. पानंबिनं काही केली नाहीत.

दीड महिन्यानं टाच भरली. शेवटच्या तपासणीच्या दिवशी मी आधीच दवाखान्याच्या दाराशी येरझाऱ्या घालत होतो. मावशी आल्या. बाईंनी घालायला लावलेले रबरी बूट त्यांच्या हातात होते आणि पाय अनवाणी, चिखलानं भरलेले. त्यांनी गजाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दांडा धरून चांगला पाय घासला. मला वाटलं, आता आत जातील.

"धर," म्हणत त्यांनी बूट माझ्या हातात दिले, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि तीच टाच गजावर ठेवली.