पुढचं दार

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की अंगणापलीकडचा नळ नुसता ऐकू येत होता, दिसत नव्हता. चेनकाकूनं दिवा लावला, शिलाईमशीनला तेलाचे दोन थेंब पाजले आणि आदल्या दिवशी आलेलं दप्तर मांडीवर ओढलं. चेन मधोमध उसवून आ वासून बसली होती. दात शाबूत होते, रनर सैल झाला होता. पोरं दप्तरात वह्यांबरोबर विटाही भरतात, असं तिचं जुनं मत होतं. तिनं पकडीनं रनर दोन्ही कडांना जरासा दाबला, ओढून पाहिला, पुन्हा दाबला. जास्त दाबला तर तुटतो, कमी दाबला तर दप्तर दोन दिवसांत परत येतं. सव्वीस वर्षं हेच काम करून तिच्या अंगठ्याला ते माप बसलं होतं.

तिचं गिऱ्हाईक मागच्या अंगणातून यायचं. गल्लीत सगळ्यांचंच येणंजाणं मागून. पुढची दारं गिरणीकडे तोंड करून होती, आणि गिरणी चालू होती तेव्हा धुरांड्याची काजळी थेट ताटात उतरायची. म्हणून लोकांनी फटींत चिंध्या कोंबल्या, दारांना कपाटं टेकवली. पुढचं दार वाजवायचा तो फक्त गिरणीचा माणूस, आणि तो एकाच कामासाठी यायचा. कुणाचा हात पट्ट्यात गेला, कुणी शिडीवरून पडलं. चेनकाकूच्या नवऱ्याची बातमी त्याच दारातून आत आली. नंतर तिनं आपलं लोखंडी मशीन त्या दाराला लावलं, ते आजतागायत तिथंच.

आता गिरणीच्या जागी चौदा मजले उभे होते. खाली काचेची दुकानं, वर घरं. पुढच्या टप्प्यात ही गल्ली पाडायची होती. जो इथं राहतो त्याला नव्या इमारतीत खोली, आणि जो इथं धंदा करतो त्याला जिन्याजवळ गाळा, असं कंपनीनं कबूल केलं होतं. चेनकाकू मनातल्या मनात त्या गाळ्यात मशीन लावून बघायची. उजेड डावीकडून हवा, एवढीच तिची अट होती.

साडेदहाला बॉयलरमामा मागच्या दारातून आले. शेजारच्या घरात एकटेच राहणारे, बॉयलरवर आयुष्य काढलेले, नवऱ्याचे जुने दोस्त. धापा टाकत होते.

"वहिनी, क्रेन बघायला म्हणून पुढून गेलो होतो. तुमच्या दारावर फुली मारलीय."

"कसली फुली?"

"रंगाची. माझ्याही. अर्ध्या गल्लीला. खाली कागद चिकटवलाय. तीन वेळा आले, तिन्ही वेळा घर बंद. शेवटची तपासणी आज, अकरा ते बारा. दारात माणूस दिसला नाही, तर घर रिकामं धरणार."

चेनकाकूच्या हातातली पकड खाली पडली. "मी कुठं गेले होते? मी रोज इथंच बसलेली असते. वन्सं, तुम्ही ऐकलंत का कधी दार वाजलेलं?"

नणंद पलंगावर पाय लांब करून बसली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचा मुक्काम तिथंच. तोंड मात्र धडधाकट. आज मात्र ती शालीच्या दशा ओढत होती.

"वन्सं?"

"ऐकलं," नणंद म्हणाली. "तिन्ही वेळा. तुझं मशीन घरघरत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"त्या दारातून काय येतं ते मला ठाऊक आहे. तुलाही आहे. मला वाटलं, आपण गप्प राहिलो तर परत जाईल."

अख्खी गल्ली अशीच गप्प राहिली असणार, हे तिघांनाही त्याच क्षणी कळलं. रिकामं धरणार म्हणजे वीज तोडणार, मग भिंत. या बाईला पलंगासकट उचलून न्यायचं कुठं?

"मामा, आधी तुमचं दार बघा."

"माझ्या दाराआड नुसतं कपाट आहे. तुमच्या मशीनला दोन माणसं लागतात. आणि ते लोक वरच्या टोकापासून येतात, आपल्यापर्यंत यायला बारा वाजतील. धरा तिकडून."

वरच्या टोकापासून गिरणीचे लोक यायचे. कंपनीचे लोक खालच्या टोकापासून येतील, हे मामांच्या ध्यानातच आलं नाही.

मशीन हलेना. स्टँडच्या पायांनी फरशीत घर केलं होतं. मामांनी खालून पहार घातली, चेनकाकूनं खांदा लावला. नणंद पलंगावरून म्हणाली, "लग्नात एवढा जोर लावला असतास तर भाऊ माझ्या मुठीतून तेव्हाच सुटला असता." कुणी हसलं नाही, पण मशीन वीतभर सरकलं, आणि मग तिरकं होत खोलीच्या मधोमध आलं. दार मात्र फुगलं होतं. चेनकाकू सुरीनं फटीतल्या चिंध्या उपसू लागली. काळ्या, तेलकट, गिरणीच्या वासाच्या. एक चिंधी नवऱ्याच्या सदऱ्याची निघाली. ती तिनं बाजूला ठेवली नाही, बाकीच्यांबरोबरच टाकली. वेळच नव्हता.

आणि दार वाजलं.

तिचा हात सुरीसकट हवेतच राहिला. बाहेर कोण आहे, कशाला आलंय, सगळं ठाऊक होतं, तरी पाय जमिनीत रुतले. तिला दारापलीकडे वीस वर्षांपूर्वीचा तो गिरणीचा माणूस दिसत होता, टोपी हातात घेतलेला.

"उघड," नणंद म्हणाली. "या वेळी उघड."

मामांनी पहार फटीत घातली. दार किंचाळत उघडलं आणि धुकं आत आलं. उंबऱ्यावर एक मुलगी उभी होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात टॅब, बुटांना चिखल.

"अरे वा, इथं माणसं आहेत," ती म्हणाली. "शेजारचं घर मात्र बंद. आता चौथ्यांदा."

मामा पहार टाकून पुढे झाले. "शेजारी मीच. ते माझं घर."

"काका, मला माणूस त्याच्या दारात दिसायला हवा. फोटो तसाच घ्यावा लागतो. बाराला यादी बंद होते."

बाराला पंधरा मिनिटं होती. मामा आतून, अंगणातून, पळत सुटले. त्या वयाच्या माणसाला पळताना बघू नये.

मुलीनं चेनकाकूचा फोटो काढला, मागे नणंदेचा. "विजेचं बिल आहे?"

बिल बिस्किटाच्या डब्यात होतं, वरचंच. चेनकाकूला ते डोळे मिटूनही सापडलं असतं. भिंतीपलीकडून कपाट ओढल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. एकट्या माणसाचा आवाज. बिल आत्ता दिलं तर ही पोरगी पुढच्या घराकडे निघणार. नाही दिलं आणि बारा वाजून गेले तर?

तिनं कपाट उघडलं. गाद्यांखाली पाहिलं. नणंदेच्या उशीखाली पाहिलं. डब्याकडे मात्र बघितलंही नाही.

"डब्यात बघ ना," नणंद बोलून गेली, आणि मग भिंतीकडे बघून म्हणाली, "नाहीतर पेटीत असेल. पेटी काढ, खालची."

"मावशी, लवकर," मुलगी म्हणाली. "मलाही माझ्या साहेबाला उत्तर द्यायचंय."

बाराला चार मिनिटं असताना शेजारचं दार आतून वाजायला लागलं. धाड, धाड. चेनकाकूनं डबा मुलीच्या हातात दिला आणि पहार घेऊन बाहेर धावली. पुढच्या रस्त्यावर ती कित्येक वर्षांनी पाय ठेवत होती. तिनं फटीत पहार रोवली आणि अंगाचा भार टाकला. दार चार बोटं सरकलं आणि आतल्या कपाटाला अडलं.

फटीत मामांचा एक डोळा, अर्धी मिशी, घामानं चमकणारा गाल.

मुलीनं टॅब समोर धरला. फोटो पाहिला, मोठा करून पाहिला.

"अर्धाच चेहरा आलाय."

"राहतो मात्र पुराच," मामा आतून म्हणाले.

"पाठवते. चालेल की नाही, ते वरचे ठरवतील. तुमचं घर यादीत धरलंय, मावशी. गाळ्याचं सांगता येत नाही. पुढून तर दुकान दिसत नाही, ते धंदा म्हणून धरतील का, बघावं लागेल. यादी महिन्यानं लागेल."

ती गेली. गल्लीत कुठे कुठे सामान सरकल्याचे आवाज येत होते, उशीर झालेले. फुल्या तशाच होत्या.

मामांचं दार ना पुढे जात होतं ना मागे. चेनकाकू घरी आली. तिचंही दार आता मिटेना. समोर धुक्यातून चौदा मजले वर वर गेले होते, आणि त्यांच्या कुठल्याही खिडकीतून कुणालाही आता तिचं घर आरपार दिसलं असतं. नणंदेनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"महिना म्हणजे किती दिवस धरायचे?" तिनं विचारलं.

"धरा तीस."

चेनकाकूनं पकड उचलली. मशीन खोलीच्या मधोमध तिरकं उभं होतं, उजेड उजवीकडून पडत होता. तिनं स्टूल फिरवून घेतलं, दप्तर मांडीवर घेतलं, साबणाचा तुकडा चेनच्या दातांवरून हळूहळू फिरवला आणि रनर ओढून पाहिला. अजून थोडा सैल होता.