मेहुण्याचं निधीजेवण आणि माझा माईक

चाकूर तालुक्यात माझ्याशिवाय लग्न लागत नाही. (भटजींना थोडा उशीर झाला तर चालतं, माईकवर मात्र मीच लागतो!) किराणा दुकान सांभाळून गेली वीस वर्षं मी लग्नांत सूत्रसंचालन करतोय. त्यामुळे मेहुणा बालाजी नगरपंचायतीला उभा राहिला तेव्हा बायकोने मला न विचारताच जाहीर केलं, "निधीच्या जेवणात माईक आमच्या ह्यांच्याकडंच!"

जेवण साधंसुधं नव्हतं. पक्षाने बियाणेवाले, आडते, डॉक्टर अशी सगळी वजनदार मंडळी मंगल कार्यालयात बोलावली होती. आधी भाषणं, मग पाकिटं पेटीत, मग पंगत. पेटी भरली तरच दुसऱ्या दिवशी प्रचाराच्या जीपा निघणार होत्या. 

तालुकाध्यक्ष बोलायला उठले आणि थांबेचनात. रस्ते झाले, पाणी झालं, आता वीज सुरू झाली. लोकांच्या माना पुऱ्यांच्या वासाकडे वळायला लागल्या. आचारी माझ्या कानाशी आला.

"शेठ, पुऱ्या गार व्हायल्यात ना! लई झालं आता!"

लग्नात नवरदेवाचे मामा बोलणं आवरेनात की मी जे करतो, तेच केलं. जोरजोरात टाळ्या वाजवत पुढे गेलो आणि अध्यक्षांच्या हातातला माईक अलगद काढून घेतला. अख्खं कार्यालय खूश! मग काय, मला चेवच चढला. समोर फुलं, फेटे, ठेवणीतल्या साड्या, मांडलेली पंगत... जीभ आपली रोजच्या वाटेला लागली.

"यजमानांच्या वतीने सर्वांचं मनःपूर्वक स्वागत!" टाळ्या.

"जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये!" आणखी टाळ्या.

"आणि एक कळकळीची विनंती! कृपया कुणीही आहेर देऊ नये, तो स्वीकारला जाणार नाही! आपली उपस्थिती हाच आमचा आहेर!"

एवढा कडकडाट त्या संध्याकाळी एकाही भाषणाला झाला नव्हता! पेटीजवळ बसलेल्या आडत्यांनी हातातलं पाकीट परत खिशात घातलं आणि थेट पान गाठलं. त्यांच्यामागे सगळे निघाले.

बायको धावत आली. "अवो, काय बोलायलाव? हे काय लगीन हाय?"

"चालंल! आहेर चालंल!" मी माईकवर ओरडलो.

"न्हाई, न्हाई!" डॉक्टर पुरी तोडत म्हणाले. "यजमानाचा शब्द मोडायचा न्हाई!"

बालाजी रिकाम्या पेटीला टेकून बसला होता. "दाजी," तो म्हणाला, "जीप तर गेली. तुमची सायकल तरी देता का?"

मला फार वाईट वाटलं. सायकल दिली. ती निवडणूक तो सायकलवरून लढला आणि हरला.

यंदा तो पुन्हा उभा आहे. काल घरी आला, चक्क पाया पडला. "दाजी, तुमच्या माईकबिगर आपण जिंकत न्हाई बघा!"

माझा ऊर भरून आला. "जेवण कधी हाय?"

"परवा. पण आपलं न्हाई, समोरच्या पक्षाचं. तुमचं नाव मीच सुचवून आलोय!"