माझा वाकडा अंगठा आणि पॉवर स्टेअरिंग

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. मखमलाबादच्या चहाच्या टपरीसमोर मी नवा ट्रॅक्टर उभा केला आणि झाडून सगळे ट्रॅक्टरवाले त्याच्याभोवती फिरायला लागले... बाजारात बैलाचे दात बघावेत तसे.

पंचावन्न हॉर्सपॉवरचा, आणि वर पॉवर स्टेअरिंग! आमच्या शिवारात तेव्हा असं स्टेअरिंग कुणाकडे नव्हतं.

"अण्णा, हे इंजिनाची पॉवर खातं बरं का," एक जण म्हणाला. "पाइप फुटला की वावरातच मुक्काम," दुसरा. आमचे शेजारी शिवानाना तर सगळ्यांसमोर हसले. "बायकी स्टेअरिंग हाय हे! गड्याच्या हाताला माती कळली पायजे."

मी सातवीपर्यंत शिकलेला, आणि मुळात घाबरट. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत. रोज सकाळी ट्रॅक्टरखाली वाकून तेल गळतंय का ते बघायचो... चहासुद्धा गोड लागेना.

पण मी ते हौसेने घेतलं नव्हतं. आधीच्या वर्षी जुन्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक धोंड्यावर चढलं, स्टेअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि त्याच्या आऱ्याने माझा उजवा अंगठा मोडला. म्हणूनच जुनी माणसं स्टेअरिंग धरताना अंगठा बाहेर ठेवायची. मी एकदाच विसरलो. देवळाली कॅम्पच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पण अंगठा वाकडा तो वाकडाच.

माझा मुलगा दिलीप अंबडला कंपनीत होता. नवा ट्रॅक्टर बघूनही तो म्हणाला, "अण्णा, स्टेअरिंग बदललं, वय बदललं का? सोमवारपासून ड्रायव्हर येतोय."

ड्रायव्हर आला की मी बांधावर बसणारा म्हातारा. डोकंच फिरलं माझं.

रविवारी कांद्याने भरलेली ट्रॉली कांदे साठवायच्या चाळीच्या तोंडाशी मागे घ्यायची होती. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला गोठ्याची भिंत. मी दिलीपला म्हणालो, "हे जमलं नाही तर येऊ दे तुझा ड्रायव्हर." शिवानाना मजा बघायला कुंपणाशी उभेच होते.

पहिल्यांदा ट्रॉली विहिरीकडे वळली. दिलीप ओरडला, "उतरा अण्णा!" मी उतरलो नाही. पुढे घेतली, पुन्हा मागे. जुन्या ट्रॅक्टरला दोन्ही खांदे लावावे लागायचे, इथे डावा हात पुरला. ट्रॉली सरळ चाळीच्या तोंडाला जाऊन लागली.

दिलीपने फोन काढला आणि ड्रायव्हरला येऊ नको म्हणून सांगितलं.

तो चहा प्यायला घरात गेला, तसे शिवानाना जवळ आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "जरा बसू का रे?"

ट्रॉली सोडली आणि ते बसले. दोन्ही अंगठे बाहेर... सवयच ती! वावराला एक चक्कर झाली, धोंडे असलेल्या तुकड्यावरून चाक गेलं, पण स्टेअरिंगने झटका दिला नाही. दुसऱ्या चकरेला बघतो तर नानांनी हळूच दोन्ही अंगठे आत घेतलेले.

खाली उतरून धोतर झटकत म्हणाले, "टपरीवर बोलू नको."

इतकी वर्षं नाही बोललो. नाना, आज बोललो... काय करायचं ते करा!

ही पोस्ट त्याच वाकड्या अंगठ्याने लिहिली आहे. चुका दिसतील, दिसू देत. मला अंगठेबहाद्दर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... कालसुद्धा ट्रॉली मीच मागे घेतली.